पियानोवरील प्रथमवाचन

वाचनालयातून नवी कादंबरी घरी आणली असता ती वाचण्यापूर्वी कोणी तिची तालीम करीत नाही. पुस्तक उघडावे आणि पूर्वी कधीही न पाहिलेली ओळ सहज वाचीत जावे, यात आपणांस काही विशेष वाटत नाही. परंतु चार-पाच वर्षे पियानो शिकलेल्या विद्यार्थ्यापुढे एखादी अपरिचित रचना ठेवून ती वाजविण्यास सांगावे, म्हणजे बहुधा निराळेच दृश्य दिसते. परीक्षेसाठी बसविलेल्या तीन रचना जो अस्खलित वाजवितो, तोच येथे पहिल्या ओळीत चार वेळा थांबतो, चुकलेला स्वर दुरुस्त करण्यासाठी मागे जातो, डोळे कागदावरून बोटांकडे आणि बोटांवरून पुन्हा कागदाकडे नेतो, आणि या धावपळीत आपण कोणत्या ओळीवर होतो हेच विसरतो. त्याला लिपी येत नाही असे मात्र नव्हे. एकेका चिन्हावर बोट ठेवून विचारले तर तो प्रत्येक स्वराचे नाव अचूक सांगेल. लिपी येते, पण वाचन येत नाही, अशी ही स्थिती आहे.

या उणिवेचे परिणाम दूरवर पोहोचतात. ज्याला वाचता येत नाही, त्याचे संगीत शिक्षकाने बसवून दिलेल्या रचनांइतकेच राहते. शिकवणी चालू आहे तोवर वर्षाकाठी चार-सहा रचना त्यात पडतात; शिकवणी सुटली की जुन्या रचना हळूहळू विसरल्या जातात, नव्या येत नाहीत, आणि थोड्याच वर्षांत घरातला पियानो फोटो ठेवण्याचे फडताळ होऊन बसतो. उलट ज्याला साधारण बरे वाचता येते, त्याला तीन शतकांत लिहिलेले संगीत मोकळे असते. तो त्यातील सर्व काही उत्तम वाजवील असे नाही. पण कोणते संगीत आपल्याला आवडते हे ठरविण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाचे तोंड पाहावे लागत नाही.

अपरिचित रचना पूर्वतयारीवाचून, पाहता पाहता वाजविणे याला इटालियन भाषेत 'प्रिमा व्हिस्टा' म्हणजे 'पहिली दृष्टी' असे म्हणतात. मराठीत यासाठी रूढ शब्द नाही, आणि त्याला कारणही आहे. आपल्या रागसंगीताची परंपरा मुखाने देण्याची व कानाने घेण्याची. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) आणि विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी स्वरलिपी तयार केल्या; पण त्या मुख्यतः चिजा जतन करण्यासाठी व शिक्षणास साहाय्य म्हणून. कधीही न ऐकलेली चीज कागदावरून तत्क्षणी गाऊन दाखवावी, अशी अपेक्षा त्यांमागे नव्हती. पाश्चात्य संगीतात ती अपेक्षा फार जुनी आहे. या लेखात त्या क्रियेस 'प्रथमवाचन' हा शब्द वापरला आहे.

अनोळखी गीताचे पत्र

इटलीतील ग्विदो नावाच्या एका बेनेडिक्टाइन साधूने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आपल्या मित्रास एक पत्र लिहिले. ते 'अनोळखी गीताविषयीचे पत्र' या नावाने प्रसिद्ध आहे. त्या काळी चर्चमधील गायकास उपासनेची सर्व गीते ऐकून ऐकून पाठ करावी लागत. दहा वर्षे घालवूनही गायक अपुराच राहतो, अशी ग्विदोची तक्रार होती. लिहिण्याच्या जुन्या खुणा स्वर वर गेला की खाली आला एवढेच सुचवीत. किती वर, किती खाली, हे गुरूच्या तोंडून ऐकावे लागे. ग्विदोने स्वरांसाठी ठराविक अंतरावरच्या रेषा वापरल्या आणि त्यांतील काहींना रंग दिला. एका स्वराची रेषा तांबडी, दुसऱ्याची पिवळी. त्यामुळे प्रत्येक खुणेचा स्वर निश्चित झाला. या पद्धतीने काही मुले तीन दिवसांत अनोळखी गीते गाऊ लागली, असे त्याने त्या पत्रात नमूद केले आहे. त्याची कीर्ती ऐकून पोप एकोणिसावा जॉन याने त्याला रोमला बोलावले, आणि पूर्वी कधी न ऐकलेली एक ओळ स्वतः गाता आल्यावाचून तो जागचा उठला नाही, असेही ग्विदो अभिमानाने सांगतो. त्याला आलेली भीती आपल्याच काळातील वाटते: शिकविणाऱ्यावर जन्मभर अवलंबून राहण्याची.

पियानो त्यानंतर पुष्कळ शतकांनी, १७०० च्या सुमारास, फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याच्या कारखान्यात जन्मास आला. पियानोवादकास गायकाप्रमाणे एक ओळ वाचून भागत नाही. त्याच्यापुढे पाच रेषांच्या दोन पट्ट्या असतात. वरची बहुधा उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची. दोन्हींवर एका वेळी तीन-चार स्वर असू शकतात, आणि वरच्या पट्टीवर ज्या रेषेचा अर्थ एक, त्याच रेषेचा खालच्या पट्टीवर अर्थ दुसरा. एकाच पानावर दोन निरनिराळ्या लिपींतील मजकूर एकाच वेळी मोठ्याने वाचण्यासारखे हे आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या कामात असामान्य गती असणारे वादक होऊन गेले. १८७० साली रोम येथे ग्रीग हा तरुण नॉर्वेजियन संगीतकार आपल्या पियानो कॉन्चेर्टोचे हस्तलिखित घेऊन लिस्टकडे गेला. लिस्टने ते पूर्वी पाहिले नव्हते. तरी त्याने ते तेथेच वाजवून दाखविले. पहिला भाग जरा जलद गेला एवढाच शेरा ग्रीगने घरी लिहिलेल्या पत्रात मारला. अशा गोष्टी सांगताना एक धोका असतो. त्या ऐकून विद्यार्थी असे समजतो की ही देणगी आहे, ती आपल्याला नाही, आणि म्हणून प्रयत्न करण्याचे प्रयोजन नाही. ही समजूत कितपत खरी, हे पाहण्यासाठी वाचकाच्या डोळ्यांकडे वळावे लागेल.

डोळा किती पुढे असतो

वाचताना आपली दृष्टी ओळीवरून पाण्याच्या धारेसारखी सरकत जाते असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. डोळा लहान लहान उड्या घेतो आणि प्रत्येक उडीनंतर क्षणभर थांबतो. दिसते ते केवळ त्या थांब्यात. उडी चालू असता जवळजवळ काहीच दिसत नाही. शिवाय थांब्यातही स्पष्ट दिसणारे क्षेत्र फार लहान असते. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला तर त्याच्या नखाची जेवढी रुंदी, साधारण तेवढेच. १९४३ साली अमेरिकेत वीव्हर याने पियानोवादकांच्या नेत्रहालचालींची छायाचित्रे घेऊन अभ्यास केला, तेव्हा दोन पट्ट्या वाचताना डोळा वरून खाली व खालून वर असा नागमोडी प्रवास करतो असे दिसले. रचना स्वरसंघांची असेल तर उभ्या उड्या अधिक. दोन स्वतंत्र स्वरपंक्ती समांतर चालल्या असतील तर एका पंक्तीवरून थोडे आडवे जाऊन मग दुसरीकडे उतरणे अधिक. अर्थात ज्या क्षणी डोळा खालच्या पट्टीवर आहे, त्या क्षणी उजवा हात आधी पाहून ठेवलेले वाजवीत असतो.

म्हणजे डोळा सदैव हाताच्या पुढे असतो. किती पुढे? १९७४ साली इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा याने एक साधी युक्ती योजली. वादक पडद्यावरची अपरिचित स्वरपंक्ती वाजवीत असता ती अकस्मात नाहीशी करावयाची आणि त्यानंतरही तो किती स्वर बरोबर वाजवू शकतो ते मोजावयाचे. चांगले वाचक सात स्वरांपर्यंत वाजवीत; कच्चे वाचक तीन-चार स्वरांवर अडत. याहून मनोवेधक गोष्ट अशी की, पुष्कळदा हे अंतर सांगीतिक वाक्यखंड जेथे संपतो तेथे येऊन थांबे. वाचकाची दृष्टी स्वर मोजीत पुढे जात नव्हती. अर्थाच्या सोयीस्कर थांब्यापर्यंत जात होती.

यावरून शिक्षक विद्यार्थ्यास 'पुढे पाहा, पुढे पाहा' असे सांगत आले. सल्ला चुकीचा नाही, पण तो पाळणे विद्यार्थ्याच्या हाती कितपत असते? १९९९ साली फर्नो व लँड या संशोधकांनी हेच अंतर स्वरांत न मोजता काळात मोजले. तेव्हा असे आढळले की डोळा हाताच्या पुढे साधारण एक सेकंद असतो, आणि ही एका सेकंदाची आघाडी व्यावसायिक वादक व हौशी वादक यांच्यात सारखीच असते. लय जलद झाली की ती सुमारे ०.७ सेकंदांपर्यंत कमी होते, संथ झाली की १.३ पर्यंत वाढते. कौशल्याने मात्र ती बदलत नाही. बदलते ते तिच्यात मावणारे संगीत. व्यावसायिकाच्या त्या एका सेकंदात हौशी वादकाच्या जवळजवळ दुप्पट स्वर असतात.

हा निष्कर्ष नीट समजून घेण्यासारखा आहे. प्रवीण वाचक दूरचे पाहतो म्हणून चांगला वाजवितो असे नाही. तो तेवढ्याच वेळात अधिक उचलतो, म्हणून त्याचा डोळा दूर गेलेला दिसतो. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा की, तो अधिक उचलतो कसा?

मोडी वाचणारा आणि मुद्रिते तपासणारा

या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकास मोडी लिपीच्या उदाहरणाने चटकन पटेल. मोडीतील जुन्या कागदात शब्द एकमेकांना जोडून लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि लेखणी न उचलता ओढलेल्या कित्येक अक्षरांचे वळण एकसारखे दिसते. नवशिका एकेक अक्षर लावीत बसतो आणि तासाभरात दोन ओळी वाचतो. सरावलेला जाणकार तोच कागद हातात घेतो आणि वर्तमानपत्र वाचल्याप्रमाणे वाचीत जातो. त्याची दृष्टी काही अधिक तीक्ष्ण नसते. बहुधा त्याला चष्माच असतो. परंतु पत्राचा मायना कसा असावयाचा, तारखेची कालगणना कोठे यावयाची, वसुलीच्या कागदात कोणते शब्द कोणत्या शब्दांमागून येतात, हे त्याला ठाऊक असते. अक्षर पूर्ण दिसण्यापूर्वीच शब्द त्याच्या मनात तयार असतो. डोळ्याने फक्त खात्री करून घ्यावयाची असते.

संगीतातही तेच घडते. नवशिक्याला कागदावर सी, ई, जी असे तीन स्वर एकावर एक दिसतात. सरावलेल्याला ती एकच वस्तू दिसते, कारण सी मेजरचा तो मूळ स्वरसंघ त्याच्या हाताला शेकडो वेळा लागलेला असतो. हार्मोनियमवर पलटे घोटलेल्या विद्यार्थ्याला 'सारेग, रेगम, गमप' हे नऊ सुटे स्वर वाटत नाहीत. तीन स्वरांचा एक तुकडा एकेक पायरी चढतो आहे, एवढेच तो जाणतो, आणि कोठवर चढतो तेवढे पाहिले की त्याचे वाचन संपले. १९७३ साली चेस व सायमन यांनी बुद्धिबळाच्या बाबतीत हेच दाखवून दिले. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखविली असता निष्णात खेळाडू ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अधिक अचूक पुन्हा मांडतो. पण सोंगट्या अर्थहीन रीतीने विखुरल्या की त्याचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे होते. त्याच्यापाशी असते ती ओळखीच्या रचनांची शिदोरी. सर्वसाधारण स्मरणशक्ती त्याची आपल्याइतकीच.

ही शिदोरी असली की माणूस कागदावर नसलेलेही वाचू लागतो. बोरिस गोल्डोव्स्की या पियानोवादक व संगीतसंचालकाच्या अनुभवातील एक गोष्ट मानसशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार येते. त्याची एक विद्यार्थिनी वाचनात कच्ची होती. ब्राम्सची एक कॅप्रिचिओ, ओपस ७६ मधील दुसरी, ती शिकून आली असता एका ठिकाणी तिने सी शार्प मेजरच्या स्वरसंघात जी शार्पऐवजी शुद्ध जी वाजविला. गोल्डोव्स्कीने चूक दाखविली. ती गोंधळली, कारण तिने कागदावर होते तेच वाजविले होते. पाहतात तो छापील प्रतीतच शार्पचे चिन्ह राहून गेले होते. ती प्रत कित्येक वादकांनी वापरली होती, पण त्या स्वरसंघात तेथे दुसरा स्वर असूच शकत नाही हे मनाने गृहीत धरल्यामुळे कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. पुढे गोल्डोव्स्कीने निष्णात वाचकांना, या रचनेत छपाईची चूक आहे, ती शोधा, असे सांगूनही पाहिले. त्यांना ती सापडली नाही. जी मुलगी एकेक स्वर चाचपडत वाचत होती, तिलाच ती सापडली. आणि तिलाही आपल्याला काही सापडले आहे हे कळले नव्हते.

मुद्रितशोधन ज्यांनी केले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या एका पुस्तिकेत 'वातावरण' हा शब्द एका ठिकाणी 'वातारवण' असा छापला गेला. मुद्रिते तीनदा वाचली होती, आणि तिन्ही वेळा डोळ्यांनी 'वातावरण' असेच इमानाने वाचले. चूक दाखविली ती बारा वर्षांच्या एका मुलाने, जो अद्याप अक्षरे पाहून वाचीत होता.

स्लोबोडाने १९७६ साली याच गोष्टीचा प्रयोग केला. अपरिचित रचनांत मुद्दाम काही स्वर एक पायरी वर-खाली बदलून त्या पियानोवादकांकडून दोनदा वाजवून घेतल्या. अनेक ठिकाणी वादकांनी बदललेला स्वर न वाजविता, मुळात जो असावयास हवा होता तोच नकळत वाजविला. दुसऱ्या खेपेस त्यांच्या इतर चुका कमी झाल्या. परंतु हे नकळत केलेले 'शुद्धीकरण' मात्र वाढले. रचना जसजशी ओळखीची झाली, तसतसे कागदाचे अवलंबन कमी झाले आणि अपेक्षेचे वाढले. प्रथमवाचन ही अशा रीतीने अर्धी दृष्टीची आणि अर्धी अंदाजाची क्रिया आहे. आणि अंदाज बरोबर येण्यासाठी त्या जातीचे संगीत पुष्कळ वाचलेले असावे लागते. बाखच्या रचना सहज वाचणारा वादक विसाव्या शतकातील अपरिचित स्वरभाषेपुढे पुन्हा नवशिका होतो, त्याचे कारण हेच.

हातांविषयी

डोळे कागदावर ठेवावयाचे तर पट्ट्या पाहावयाच्या कशा? पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. काळ्या पट्ट्या दोन-दोन व तीन-तीन अशा पुंजक्यांनी बसविलेल्या असल्यामुळे बोटांना न पाहताही जागा कळू शकते. दोन काळ्यांच्या डावीकडची पांढरी म्हणजे सी, तीन काळ्यांच्या डावीकडची एफ. डोळे मिटून या जागा शोधण्याचा खेळ रोज दोन मिनिटे केला तरी महिन्याभरात फरक जाणवतो.

हातांकडे मुळीच पाहू नये, असा कडक नियम काही शिक्षक घालतात. तो अतिरेक होय. १९९५ साली बँटन यांनी पियानोवादकांकडून एकदा नेहमीप्रमाणे, एकदा पट्ट्या दिसणार नाहीत अशा रीतीने आणि एकदा आवाज ऐकू येणार नाही अशा रीतीने प्रथमवाचन करविले. आवाज बंद केल्याने विशेष बिघडले नाही. पट्ट्या झाकल्या असता मात्र चुका वाढल्या. चांगले वादकही मोठ्या उडीच्या वेळी क्षणभर खाली पाहतात, आणि त्यांनी तसे जरूर पाहावे. टाळावयाचे आहे ते प्रत्येक स्वर बरोबर लागला की नाही हे डोळ्यांनी तपासणे. तेवढ्यात कागदावरची जागा हरवते आणि एका सेकंदाची आघाडी शून्यावर येते.

अभ्यास कसा करावा

कागद समोर आला की लगेच वाजविण्यास सुरुवात करू नये. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा भारतातही होतात. तेथे प्रथमवाचनापूर्वी अर्धा मिनिट रचना न्याहाळण्यास देतात. या अर्ध्या मिनिटात पुष्कळ होते. आरंभीची शार्प-फ्लॅट चिन्हे पाहून सप्तक ठरवावे, मात्रा पाहाव्यात, सगळ्यांत लहान व दाट स्वर कोठे आहेत ते हुडकावे आणि तो भाग ज्या लयीत झेपेल तीच लय पहिल्यापासून धरावी. सोपा आरंभ पाहून जलद निघावे आणि तिसऱ्या ओळीत घसरावे, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मग लय मनात दोन मापे मोजून प्रारंभ करावा.

आणि एकदा निघाल्यावर थांबू नये. विद्यार्थ्याला हा नियम सर्वांत कठीण जातो, कारण त्याच्या इतर सर्व अभ्यासाच्या तो विरुद्ध आहे. रचना बसविताना चुकले की थांबणे व सुधारणे हाच सद्गुण मानला जातो. प्रथमवाचनात चुकलेला स्वर मागे टाकावयाचा असतो, कारण लय मोडली की अपेक्षा मोडते, आणि अपेक्षा मोडली की उरते ती केवळ अक्षरओळख. सर्व स्वर झेपत नसतील तर काही गाळावेत, पण विचाराने गाळावेत. वरचे सुरावटीचे स्वर व तळाचा स्वर ठेवून मधले सोडले तरी संगीताचा सांगाडा उभा राहतो. शेजारी बसलेल्या कोणी वाजत असलेले माप पोस्टकार्डाने झाकीत जावे, म्हणजे मागे जाण्याची वाटच उरत नाही. डोळ्यांना पुढे पळावेच लागते.

याहून अधिक गुणकारी उपाय म्हणजे दुसऱ्याबरोबर वाजविणे. गायक किंवा व्हायोलिनवादक आपल्यासाठी थांबत नाही. लेमन व एरिक्सन यांनी १९९३ व १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, एकल वादनाकडे वळलेले आणि साथसंगतीकडे वळलेले अशा प्रगत पियानोवादकांची तुलना केली. वादनकौशल्यात दोघेही चांगले होते. पण प्रथमवाचनात साथीदार पुढे होते, आणि ज्याने साथीसाठी अधिक तास दिले होते व अधिक रचना हाताळल्या होत्या, तो अधिक पुढे होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात विसाव्या शतकाच्या मध्यात याचे जिवंत प्रात्यक्षिक रोज पाहावयास मिळे. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत लहानपणीच पाश्चात्य स्वरलिपी शिकलेले वादक ध्वनिमुद्रणास येत. संयोजकाने लिहिलेला कागद समोर ठेवला जाई आणि थोड्याच वेळात गीत मुद्रित होई. माजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे या परंपरेतील नामांकित व्हायोलिनवादक व संयोजक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. ही मंडळी बहुतांशी पियानोवादक नव्हती, परंतु रोज नवा कागद वाचावयाचा आणि शंभर माणसे आपल्यासाठी थांबणार नाहीत हे जाणून वाचावयाचा, ही त्यांची शाळा कोणत्याही वाद्यास लागू पडणारी आहे.

आता देणगीच्या प्रश्नाकडे परत येऊ. माइन्झ व हँब्रिक यांनी २०१० साली नवशिक्यांपासून निष्णातांपर्यंत ५७ पियानोवादकांची परीक्षा घेतली. वाचनकौशल्यात जो फरक दिसला त्यापैकी जवळजवळ निम्म्या भागाचा उलगडा सरावाच्या तासांवरून झाला. तात्पुरती माहिती मनात धरून ठेवण्याची प्रत्येकाची जी ताकद असते, तिच्यामुळे आणखी सुमारे ७ टक्क्यांचा. ही ताकद सरावाने निष्प्रभ होत नाही, पुष्कळ सराव केलेल्यांतही तिचा थोडा परिणाम उरतो, असे संशोधकांनी स्पष्ट नोंदविले आहे. तेव्हा देणगी नाहीच असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण सात आणि निम्मे यांतील अंतर विद्यार्थ्याने डोळ्यांआड करू नये.

एका गोष्टीविषयी वाचकाने सावध असावे. १७७८ च्या जानेवारीत मॅनहाइम येथे आबे फोग्लर याने मोत्सार्टचा एक कॉन्चेर्टो प्रथमदृष्टीसच वाजविला. मोत्सार्टने वडिलांना त्याविषयी लिहिलेले पत्र संतापाने भरले आहे. फोग्लर अफाट वेगाने गेला, डाव्या हातात लिहिलेले सोडून भलतेच वाजविले, आणि ऐकणाऱ्यांना संगीत पाहिल्याखेरीज दुसरे काही साधले नाही, असा त्याचा आशय. योग्य लयीत, सर्व स्वरांनिशी, जणू आपणच रचना केली आहे अशा भावाने वाजविले तरच ते वाचन, असे मोत्सार्टला वाटे. एवढी उंच कसोटी नवशिक्यास लावू नये. परंतु भराभर वाचता येऊ लागलेल्या विद्यार्थ्याला सैल वाजविण्याची चटक लागते, हे शिक्षक जाणतात. अंदाजाने चालणाऱ्या डोळ्याला ब्राम्सच्या पानावरची चूक दिसत नाही, तशी स्वतःचीही दिसत नाही. म्हणून जी रचना मनापासून आवडेल ती बाजूला काढून, संथ लयीत, त्या विद्यार्थिनीप्रमाणे एकेक स्वर पाहून बसवावी. वाचन वेगळे, बसविणे वेगळे. दोन्हींसाठी दिवसातील निरनिराळी वेळ ठेवलेली बरी.

वाचनासाठी दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पण ती रोजची हवीत. रचना आपण बसवू शकतो त्याहून निदान दोन इयत्ता सोपी असावी; कठीण रचना घेतली की पुन्हा अक्षरे लावणे सुरू होते. आणि एक पान दोनदा वाजविले की ते प्रथमवाचन राहत नाही. येथेच या अभ्यासाची खरी अडचण आहे, कारण त्याला संगीत फार लागते. वर्षाला तीन-चारशे पाने सहज संपतात. बार्टोकने १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेला 'मिक्रोकॉसमॉस' हा सहा खंडांतील १५३ रचनांचा संग्रह सोप्याकडून कठिणाकडे जातो आणि या कामी उत्तम पडतो. चार स्वरपंक्तींत मांडलेली चर्चची भक्तिगीते स्वरसंघ वाचण्यास चांगली. मागील वर्षांच्या परीक्षांची टाकून दिलेली पुस्तके शिक्षकांच्या कपाटांत पडलेली असतात. चार विद्यार्थ्यांनी ती आपसांत फिरवावीत. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या रचना २००६ पासून 'इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट' या इंटरनेटवरील संग्रहात विनामूल्य मिळतात. शाळेच्या वा गावाच्या ग्रंथालयाने त्यांतील सोप्या रचनांची शंभरेक पाने छापून, बांधून, इयत्तेप्रमाणे रंगीत पट्टी लावून ठेवली आणि घरी नेण्यास दिली, तर त्या खर्चात एखाद्या कादंबरीपेक्षा फारसे अधिक जाणार नाही.